नवीन शिकवलं की मॉडेल जुनं विसरतं: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं कळतं. आधीचं मॉडेल छान चालत होतं, त्याला फक्त थोड्या नवीन डेटावर ट्रेन केलं, नवीन गोष्ट मस्त शिकलं पण जुनं सगळं चुकायला लागलं. याला कॅटास्ट्रॉफिक फर्गेटिंग म्हणतात आणि हा न्यूरल नेटवर्कचा खरा, मुळातला दोष आहे. पण "विसरलं" म्हणून आलेल्या बऱ्याच केसेसमध्ये मॉडेल विसरलेलंच नसतं, बिघाड दुसरीकडेच असतो, आणि लोक दोन दोन आठवडे भारी भारी अल्गोरिदम लावत बसतात. म्हणून खाली स्वस्तापासून महागापर्यंत असा क्रम लावलाय, तो मोडू नका.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे नवीन डेटावरचा लॉस (चुका मोजणारा आकडा) व्यवस्थित खाली येतोय, व्हॅलिडेशनचा, म्हणजे ट्रेनिंगमध्ये न दाखवलेल्या नमुन्यांवरचा, आकडा वर जातोय, ट्रेनिंगच्या लॉगमध्ये काहीही वावगं दिसत नाही, आणि जुन्या टेस्ट सेटवर मात्र स्कोअर आपटलाय. लॉगमध्ये काही दिसत नाही यातच खरी गोम आहे, कारण जुनं कोणी मोजतच नसतं, आणि वापरणाऱ्या लोकांकडून तक्रार आली की मगच कळतं.

फोटो ओळखणारं मॉडेल असेल तर जुन्या क्लासचा (प्रकाराचा) फोटो दिला की उत्तर नवीन क्लासचं येतं, वर कॉन्फिडन्सही भरपूर दाखवतं. टप्प्याटप्प्याने शिकवलं असेल तर फक्त शेवटचा टप्पा शाबूत राहतो.

भाषेचं मॉडेल असेल तर लक्षणं जरा फसवी असतात. एका विषयाच्या प्रश्नोत्तरांवर फाइन-ट्यून, म्हणजे तयार मॉडेलला थोडं पुढे ट्रेन, केलं की गणितात चुकायला लागतं, कोड अर्धवट लिहितं, कुठलाही प्रश्न विचारला तरी त्याच साच्यातलं दोन ओळींचं उत्तर देतं, कधी विचारलेल्या भाषेऐवजी फाइन-ट्यूनिंगच्या भाषेतच बोलायला लागतं. एखादी गोष्ट सांगायला नकार द्यायला शिकवलेलं असतं, ते नकार देणंही ढिलं पडतं. हे शेवटचं लक्षण दिसलं तर खालचा "कुठे थांबायचं" हा भाग आधी वाचा.

असं का होतं, थोडक्यात

१९८९ मध्ये मॅकक्लॉस्की आणि कोहेन यांनी एक साधा प्रयोग केला. नेटवर्कला आधी १ असलेल्या १७ बेरजा शिकवल्या, म्हणजे १+१ पासून ९+१ पर्यंत आणि उलट्याही. त्या पक्क्या झाल्यावर २ च्या बेरजा शिकवायला घेतल्या, आणि २ च्या बेरजा नीट जमायच्या आतच १ च्या बेरजा वाहून गेल्या. माणूसही विसरतो पण हळूहळू, आणि नवीन पाढा पाठ करताना जुना पाढा असा साफ पुसला जात नाही.

कारण असं की १ च्या बेरजा एका वेटमध्ये (नेटवर्कच्या आतल्या एका आकड्यात) आणि २ च्या दुसऱ्या वेटमध्ये अशा वेगळ्या ठेवलेल्या नसतात, सगळं ज्ञान त्याच वेट्समध्ये पसरलेलं असतं. आणि ग्रेडियंट, म्हणजे चूक कमी करायला वेट कुठे सरकवायचं ते सांगणारा आकडा, फक्त समोरच्या बॅचचं, म्हणजे एका वेळी दिलेल्या नमुन्यांच्या गठ्ठ्याचं, ऐकतो. नवीन डेटाची बॅच म्हणते हे वेट डावीकडे सरकव, तर ते सरकतं. जुन्या कामासाठी ते तिथेच राहणं किती गरजेचं होतं हे सांगायला त्या बॅचमध्ये कोणी नसतं. संपूर्ण दोष एवढाच आहे, आणि खालचे सगळे उपाय म्हणजे त्या गैरहजर जुन्या डेटाची बाजू कोणत्या ना कोणत्या रस्त्याने मांडायची धडपड आहे. हे डोक्यात ठेवलंत तर कुठला उपाय कधी चालेल हे स्वतःलाच कळायला लागतं.

तपासणी १: खरंच विसरलंय का? (फुकट, तासाभराचं काम)

आधी जुनं चेकपॉइंट (मॉडेलची साठवलेली फाइल) घ्या आणि ते आजच्या कोडने, आजच्या टेस्ट स्क्रिप्टने, त्याच टेस्ट सेटवर चालवा. लोक तीन महिन्यांपूर्वी कुठेतरी लिहून ठेवलेल्या आकड्याशी आजचा आकडा ताडून बघतात, मध्ये प्रीप्रोसेसिंग बदललेलं असतं, लायब्ररीचं व्हर्जन बदललेलं असतं. जुनं चेकपॉइंटही आज खराब स्कोअर देत असेल तर मॉडेलचा काही संबंध नाही, पाइपलाइन तपासा.

घसरण किती आहे तेही बघा. टेस्ट सेटमध्ये २०० नमुने असतील आणि ॲक्युरसी ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर नशिबाच्या खेळानेच आकडा चार टक्के वरखाली होऊ शकतो. ९० चं ८८ झालं म्हणून धावपळ करू नका, आधी टेस्ट सेट मोठा करा.

मग लेबलांचा क्रम. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की क्लासिफायर (क्लास ओळखणारं मॉडेल) म्हटलं की मी पहिल्यांदा तेच उघडतो. समजा फोल्डरची नावं होती कुत्रा, मांजर, ससा. लोडर नावांची वर्णक्रमाने यादी करतो, म्हणून कुत्रा ०, मांजर १, ससा २. आता तुम्ही अस्वल हा फोल्डर जोडलात. अ आधी येतो, त्यामुळे अस्वल ० झालं, कुत्रा १, मांजर २, ससा ३. जुन्या मॉडेलच्या लेखी ० म्हणजे अजूनही कुत्राच आहे. आता या नवीन क्रमाने पुढे ट्रेन केलंत तर ट्रेनिंग आधी जुनं ज्ञान उलटवण्यातच जातं, आणि न ट्रेन करता नुसतं टेस्ट केलंत तर जवळपास सगळंच चूक येतं. दोन्हीकडे दिसतं मात्र विसरल्यासारखं. उपाय सोपा आहे, नाव आणि नंबर यांची यादी फाइलमध्ये लिहून चेकपॉइंटच्या बरोबर ठेवायची, नवीन क्लास कायम शेवटी जोडायचा, आणि फोल्डरच्या क्रमावर कधीही विसंबायचं नाही.

त्याच दमात वेट्स खरंच लोड झालेत का तेही बघून घ्या. लोड करताना सक्ती (strict ही सेटिंग) बंद ठेवली की नावं न जुळलेले लेअर (नेटवर्कचे थर) गुपचूप वगळले जातात आणि तिथे रँडम वेट्स राहतात. एरर येत नाही, फार तर एक वॉर्निंग येते जी कोणी वाचत नाही. लोड केल्या केल्या, एकही स्टेप ट्रेन करायच्या आधी, जुन्या टेस्ट सेटवर मॉडेल चालवा. इथेच स्कोअर पडला असेल तर विसरायला अजून काही घडलेलंच नाही.

भाषेच्या मॉडेलसाठी चॅट टेम्प्लेट (प्रश्न आणि उत्तर मांडायचा साचा) आणि टोकनायझर (मजकुराचे तुकडे करणारा भाग) तपासा. ट्रेनिंगला एक टेम्प्लेट आणि वापरताना दुसरं असेल तर मॉडेल एकदम ढ वाटायला लागतं. शिवाय प्रश्नाच्या आधी दोन तीन सोडवलेली उदाहरणं द्या, "सविस्तर, पायरी पायरीने सांग" असं स्पष्ट लिहा, किंवा तोच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारून बघा. जुनी क्षमता अशाने परत आली तर ती गेलेली नाहीये. मॉडेलने एवढाच समज करून घेतलाय की आता आपल्याला कायम फाइन-ट्यूनिंगसारखंच काम करायचंय. ही केस बरीच हलकी आहे, डेटामध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना मिसळल्या की सहसा सुधारते.

तपासणी २: कधी पडलं आणि कुठे पडलं (थोडा वेळ, खर्च नाही)

जुना टेस्ट सेट ट्रेनिंगच्या आत आणा. संपूर्ण नको, एक छोटा तुकडा पुरे, पण ठराविक स्टेप्सनंतर त्याचा स्कोअर लॉगमध्ये पडला पाहिजे. हे एक काम केलंत तरी अर्धी लढाई जिंकलीत असं मी म्हणेन, कारण आता आलेखाचा आकार दिसतो. पहिल्या शंभर दोनशे स्टेप्समध्येच धाडकन खाली आला असेल तर सुरुवातीचे धक्के मोठे आहेत, तपासणी ४ आणि ५ कडे लक्ष द्या. हळूहळू, सतत घसरत असेल तर डेटाचं मिश्रण हा प्रश्न आहे, तपासणी ६. आधी नीट असून शेवटच्या इपॉकमध्ये (संपूर्ण डेटाच्या फेरीत) पडत असेल तर गरजेपेक्षा जास्त ट्रेन करताय, लवकर थांबा.

क्लासिफायर असेल तर कन्फ्युजन मॅट्रिक्स (कुठला क्लास कुठला म्हणून ओळखला याचा तक्ता) काढा. जुन्या क्लासच्या चुका इकडेतिकडे विखुरल्यात की सगळ्या नवीन क्लासच्याच कॉलममध्ये जमा झाल्यात? दुसरा प्रकार असेल तर बहुतेक वेळा शेवटचा लेअर नवीन क्लासकडे झुकलाय.

आणि आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. विसरलेल्या मॉडेलचं संपूर्ण धड, म्हणजे शेवटचा लेअर सोडून बाकी सगळं, गोठवा (त्याची वेट्स बदलू देऊ नका), शेवटचा लेअर काढून टाका, त्या जागी कोरा लेअर लावा आणि जुन्या थोड्याशा डेटावर फक्त तो एक लेअर ट्रेन करा. साध्या मशीनवरही हे पटकन होतं. जुना स्कोअर बऱ्यापैकी परत आला तर आतली समज शाबूत आहे, फक्त शेवटचं दार सरकलंय, आणि जुन्या नव्या क्लासचे सारखे नमुने घेऊन तेवढा लेअर पुन्हा ट्रेन केला की काम भागतं. परत आला नाही तर आतपर्यंत नुकसान झालंय. माझ्या अनुभवात पहिला निकाल जास्त वेळा येतो, आणि रामसेश आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासातही विसरण्याचा मोठा वाटा आउटपुटजवळच्या लेअर्समध्येच सापडला होता.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण ती महत्त्वाची आहे. कोणाची खाजगी माहिती मॉडेलमधून काढायची आहे म्हणून "नवीन डेटावर ट्रेन करू, आपोआप विसरेल" असा विचार कोणी करत असेल तर कृपा करून थांबा. वरची चाचणी हेच दाखवते की वरवर विसरलेली गोष्ट आत बऱ्याचदा तशीच असते.

तपासणी ३: जुन्या आणि नव्या वेट्सची सरासरी (ट्रेनिंग लागत नाही)

हा उपाय लोकांना खराच वाटत नाही. जुनं चेकपॉइंट आणि नवीन चेकपॉइंट, दोन्हींतलं प्रत्येक वेट घ्यायचं आणि सरळ सरासरी काढायची. अर्धं अर्धंच असं नाही, नव्याचा वाटा ०.१ पासून ०.९ पर्यंत बदलत जायचं आणि प्रत्येक मिश्रण जुन्या आणि नव्या दोन्ही टेस्ट सेटवर मोजायचं. बऱ्याचदा मधे कुठेतरी असा बिंदू सापडतो जिथे नवीनमधलं थोडंसंच जातं आणि जुनं बरंचसं परत येतं.

अट एकच, नवीन मॉडेल त्याच जुन्या मॉडेलपासून पुढे ट्रेन झालेलं हवं. तेव्हाच दोन्ही जवळजवळच्या जागी असतात आणि मधला रस्ता सपाट असण्याची शक्यता असते. वेगवेगळ्या सुरुवातीपासून ट्रेन झालेल्या दोन मॉडेल्सची अशी सरासरी काढली तर सहसा हाती कचरा येतो. बॅच नॉर्मलायझेशन (बॅचच्या सरासरीने आकडे एका मापात आणणारे लेअर) असेल तर सरासरीनंतर त्याचे आकडे थोड्या डेटावरून पुन्हा काढून घ्या, नाहीतर चांगलं मिश्रणही वाईट दिसेल.

तपासणी ४: लर्निंग रेट आणि सुरुवातीचे धक्के (एक दोन पुन्हा रन)

आधीच शिकलेल्या मॉडेलला शून्यापासून ट्रेन करतानाचा लर्निंग रेट (प्रत्येक स्टेपला वेट किती सरकवायचं तो आकडा) देणं हे विसरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०१८ च्या बर्ट या भाषेच्या मॉडेलच्या पेपरमध्ये फाइन-ट्यूनिंगला ०.००००२ ते ०.००००५ इतका रेट आणि २ ते ४ इपॉक सुचवलेत. तुम्ही ०.००१ लावून १० इपॉक चालवत असाल तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. आधी दहापट कमी करा आणि बघा.

वॉर्मअपही लागतो, आणि का ते समजून घ्या. ॲडम हा ऑप्टिमायझर (वेट्स सरकवणारी पद्धत) प्रत्येक वेटचा ग्रेडियंट त्याच्याच इतिहासाने भागतो. अगदी पहिल्या स्टेपला इतिहास नसतो, त्यामुळे भागाकार होऊन फक्त दिशा उरते आणि ग्रेडियंट इवलासा असो की मोठा, जवळपास प्रत्येक वेट पूर्ण लर्निंग रेटएवढं सरकतं. म्हणजे ज्या वेट्सना नवीन कामाशी काही देणंघेणं नाही तीही हलतात. पहिल्या काहीशे स्टेप्समध्ये रेट शून्याजवळून हळूहळू वर नेला तर हा धक्का टळतो.

नवीन कोरा लेअर जोडला असेल तर अजून एक धक्का बसतो. तो लेअर रँडम असतो, त्याच्या चुका प्रचंड असतात, आणि त्या चुकांचे ग्रेडियंट खाली उतरून चांगल्या शिकलेल्या लेअर्सना वाकडं करतात. म्हणून आधी धड गोठवून फक्त नवीन लेअर ट्रेन करा, तो बरा झाला की मग सगळं मोकळं करा. दोन टप्प्यांचं काम आहे पण फरक डोळ्यांना दिसतो.

तपासणी ५: गोठवलंय ते खरंच गोठलंय का

"मी खालचे लेअर फ्रीझ केलेत तरी विसरतंय" असं कोणी म्हणालं की मी दोन गोष्टी विचारतो.

पहिली बॅच नॉर्मलायझेशनची. वेट्सचे ग्रेडियंट बंद केले म्हणून या लेअरमधली चालू सरासरी आणि व्हेरियन्स थांबत नाही, मॉडेल ट्रेन मोडमध्ये असेपर्यंत ती प्रत्येक बॅचला बदलत राहते. पायटॉर्च या लायब्ररीमध्ये मुळात ठरवलेली सेटिंग अशी आहे की प्रत्येक नवीन बॅचला दहा टक्के वाटा मिळतो. हिशोब करा, ०.९ ला ०.९ ने गुणत गेलं की बावीसेक बॅचेसमध्ये जुन्या आकड्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या खाली येतो. म्हणजे एकही वेट न हलवता, ट्रेनिंग सुरू झाल्यावर मिनिटभरात जुन्या डेटासाठी मॉडेल बिघडलेलं असतं. ते लेअर इव्हॅल (नुसत्या वापराच्या) मोडमध्ये टाका, आणि लक्षात ठेवा की दर इपॉकला मॉडेल परत ट्रेन मोडमध्ये टाकणारी ओळ हे पुसून टाकते, म्हणून त्या ओळीच्या नंतर पुन्हा करा.

दुसरी ऑप्टिमायझरची. ट्रेनिंगच्या मधेच फ्रीझ केलं आणि ग्रेडियंट नसण्याऐवजी शून्य म्हणून राहिला तर मोमेंटम (आधीच्या दिशेचा वेग) आणि वेट डिके (वेट्स शून्याकडे ओढणं) दोन्ही चालूच राहतात आणि वेट्स सरकत राहतात. खात्री करायची असेल तर सोप्पं आहे, ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर गोठवलेल्या लेअरची बेरीज काढून ताडा. तंतोतंत तीच यायला हवी.

मोठ्या भाषेच्या मॉडेलला संपूर्ण फाइन-ट्यून करण्याऐवजी लोरा वापरा, २०२१ पासून उपलब्ध आहे आणि आता सगळीकडे चालतं. मूळ वेट्स जागेवर राहतात, बाजूला छोटे मॅट्रिक्स शिकतात, आणि नको असेल तेव्हा ते काढून टाकले की जुनं मॉडेल जसंच्या तसं परत. पण लोरा लावलेलं असताना विसरणं पूर्ण थांबतं असं समजू नका, कमी होतं एवढंच, आणि त्याच्या बदल्यात नवीनही जरा कमी शिकतं. कामं वेगवेगळी असतील तर प्रत्येकाला वेगळा लोरा ठेवा आणि प्रश्नानुसार लावा.

तपासणी ६: जुना डेटा मिसळा (हाच खरा उपाय)

क्रम मोडायला एकच सूट आहे, जुना डेटा हाताशी असेल तर मी वरून थेट इथे उडी मारायला सांगतो. जुन्याची बाजू मांडायला बॅचमध्ये कोणी नाही हा दोष असेल तर सरळ उपाय म्हणजे त्याला बॅचमध्ये बसवा. याला रीप्ले म्हणतात. अटारीचे गेम खेळणाऱ्या डीपमाइंडच्या डीक्यूएननेही २०१५ मध्ये शेवटच्या १० लाख फ्रेम्स साठवून त्यातून रँडम नमुने काढूनच ट्रेनिंग केलं होतं, आणि २०२२ च्या इन्स्ट्रक्टजीपीटी या भाषेच्या मॉडेलमध्ये माणसांच्या पसंतीवर ट्रेन करताना जुन्या चाचण्यांवरची घसरण कमी करायला मूळ ट्रेनिंगचा डेटा मिसळला होता.

किती मिसळायचा? लोकांना वाटतं निम्मा लागेल, तसं नाही. नवीन डेटा जुन्यापासून किती लांबचा आहे त्यावर आहे. भाषेच्या मॉडेल्सना पुढे ट्रेन करण्यावर २०२४ मध्ये झालेल्या एका कामात इंग्रजीवरून दुसऱ्या इंग्रजी डेटाकडे जाताना ५ टक्के जुना डेटा पुरला, इंग्रजीवरून जर्मनकडे जाताना २५ टक्के वापरला. मी स्वतः ५ पासून सुरू करतो, जुना स्कोअर बघतो, लागला तर दुप्पट करतो.

मिसळायचं कसं यात लोक घोळ घालतात. आधी सगळा नवीन आणि शेवटी थोडा जुना असं करू नका, तसं केलं की तोच प्रॉब्लेम उलट्या बाजूने येतो. प्रत्येक बॅचमध्ये थोडा जुना असला पाहिजे. आणि कुठला जुना? हुशारीने निवडायच्या भानगडीत पडण्याआधी साधा रँडम घ्या, पण प्रत्येक क्लास किंवा विषयाला सारखी जागा द्या. २०२० मध्ये जीडम्ब नावाचं एक काम आलं होतं, त्यात फक्त प्रत्येक क्लासचे सारखे नमुने साठवून टेस्टच्या वेळी त्यावर मॉडेल शून्यापासून ट्रेन केलं, बाकी काही नाही, आणि या प्रश्नासाठी खास बनवलेल्या कितीतरी पद्धतींना त्याने मागे टाकलं. म्हणून माझा आग्रह असतो की कुठलीही भारी पद्धत लावायच्या आधी या साध्या रीप्लेचा आकडा काढून ठेवा, भारी पद्धत त्याच्या पुढे जात नसेल तर ती नकोच.

तपासणी ७: जुना डेटा नाहीच आहे

असं होतं, परवानगी संपलेली असते, डेटा खाजगी असतो, किंवा मॉडेल दुसऱ्याने ट्रेन केलेलं असतं. पण जुनं मॉडेल तर आहे ना, ते जपून ठेवा. नवीन डेटा आधी जुन्या मॉडेलमधून काढा, त्याची उत्तरं, म्हणजे नुसतं लेबल नाही तर सगळ्या क्लासच्या संभाव्यता, साठवून ठेवा. मग ट्रेन करताना दोन लॉस ठेवा, एक नवीन लेबलशी जुळण्याचा आणि दुसरा जुन्या मॉडेलच्या उत्तरांपासून लांब न जाण्याचा. ही कल्पना २०१६ ची आहे, ली आणि होयेम यांची, नाव लर्निंग विदाऊट फर्गेटिंग. नवीन फोटो जुन्यांच्या जवळपासचे असले तर चांगलं चालतं, अगदीच वेगळे असले तर जुन्या मॉडेलच्या मतांनाच काही अर्थ राहत नाही आणि फायदा घसरतो.

भाषेच्या मॉडेलमध्ये हेच आणखी सोपं आहे. सर्वसाधारण प्रश्नांची मोठी यादी करा, गणित, भाषांतर, सारांश, गप्पा, सगळं, जुन्या मॉडेलकडून उत्तरं लिहून घ्या, वाईट उत्तरं काढून टाका आणि उरलेली नवीन डेटात मिसळा. डेटा नसतानाचा हा रीप्लेच आहे, आणि १९९५ मध्ये रॉबिन्सने छोट्या नेटवर्कसाठी जवळपास हेच सुचवलं होतं.

तपासणी ८: वेट्सना किंमत लावणाऱ्या पद्धती (सगळ्यात कटकटीच्या)

ईडब्ल्यूसी हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव, २०१७ चं. जुन्या कामासाठी कुठलं वेट किती महत्त्वाचं आहे याचा फिशर माहितीवरून (वेट हललं तर उत्तर किती बदलतं त्या मापावरून) अंदाज काढायचा आणि महत्त्वाचं वेट हललं तर दंड लावायचा. ऐकायला फार छान आहे. पण एक म्हणजे दंडाचा जोर ठरवणं किचकट आहे, जास्त झाला तर नवीन शिकत नाही, कमी झाला तर जुनं जातं, आणि प्रत्येक बदलाला संपूर्ण रन लागतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं, तुमचं काम कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. एमनिस्ट या हाताने लिहिलेल्या अंकांच्या डेटासेटमधले दहा अंक दोन दोनच्या पाच जोड्या करून एकामागून एक शिकवले आणि शेवटी "हा कुठल्या जोडीतला आहे" हे न सांगता दहातून ओळखायला लावलं, तर ईडब्ल्यूसीचा निकाल २० टक्क्यांच्या आसपास येतो. पाच जोड्यांपैकी एक म्हणजे २० टक्के, म्हणजे फक्त शेवटची जोडी आठवते, काहीच उपाय न केल्यासारखं. जोडी आधी सांगितली तर हीच पद्धत उत्तम चालते. कारण उघड आहे, ३ आणि ८ नेटवर्कने कधी एकत्र पाहिलेच नाहीत तर त्यांच्यातला फरक वेट जपून कुठून येणार. म्हणून नवीन क्लास वाढत जाणारं काम असेल तर ईडब्ल्यूसीवर वेळ घालवू नका, तपासणी ६ कडे परत जा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मूळ चेकपॉइंटही गेलंय आणि जुना डेटाही नाही, आणि तपासणी २ मधली चाचणीही नापास झालीये, तर स्पष्ट सांगतो, ते ज्ञान त्या फाइलमधून परत काढायचा भरवशाचा रस्ता नाहीये. अजून ट्रेन करत राहिलात तर आणखी बिघडेल. बॅकअप शोधा किंवा डेटा नव्याने गोळा करायची तयारी करा.

मॉडेल आजार ओळखणं, औषधं, गाडी चालवणं, कर्ज मंजुरी अशा ठिकाणी वापरात असेल तर घसरण दिसल्या क्षणी जुनं व्हर्जन परत लावा आणि ज्यांच्यावर पडताळणीची जबाबदारी आहे त्यांना बोलवा. सरासरी स्कोअर परत आला म्हणून स्वतःच्या हिमतीवर नवीन चालू करू नका, कारण विसरणं सगळीकडे सारखं होत नाही, दुर्मिळ क्लास आधी जातात आणि सरासरीत ते दिसतही नाहीत.

नकार देण्याची सवय ढिली झाली असेल तर सुरक्षितता तपासणाऱ्या अनुभवी माणसांकडे द्या. निरुपद्रवी डेटावर फाइन-ट्यून केलं तरी हे होऊ शकतं असं २०२३ मध्ये दाखवलं गेलंय, त्यामुळे "आमच्या डेटात वाईट काही नव्हतं" हा युक्तिवाद पुरत नाही. डेटा ठेवायची परवानगी नसताना रीप्ले करायचा मोह होत असेल, किंवा कोणी आपली माहिती काढून टाका म्हणून मागणी केली असेल, तर तो प्रश्न कायदा आणि प्रायव्हसी जाणणाऱ्या माणसाचा आहे, ट्रेनिंगचा नाही.

आणि १ ते ७ सगळं करून, एका वेळी एकच गोष्ट बदलून, तरीही जुनं आणि नवीन एकत्र बसत नसेल तर कदाचित मॉडेलच छोटं पडतंय किंवा दोन कामं वेगळ्या मॉडेल्सना द्यायला हवीत. हा निर्णय महाग असतो, तो अशी कामं आधी केलेल्या इंजिनिअरबरोबर बसून घ्या. त्याच्याकडे जाताना जुनं आणि नवीन दोन्ही चेकपॉइंट, लेबलांची यादी, पूर्ण ट्रेनिंग कॉन्फिग, जुन्या टेस्ट सेटचा स्टेपनुसार आलेख, दोन्ही कन्फ्युजन मॅट्रिक्स आणि साध्या रीप्लेचा आकडा घेऊन जा. याशिवाय गेलात तर त्याचे पहिले चार दिवस हेच गोळा करण्यात जातील.